पडल्यावर कळवावे

— नाही हो, तबकडी बदलायची नाहीच. सर्जेराव ना? पाटीवर वाचलं. घड्याळ चालतंय, अगदी व्यवस्थित चालतंय. मला फक्त ही चीर दिसायला नको. उद्या सकाळी दहापर्यंत. सोमवारी पुन्हा दिसली तर मी तक्रार करणार नाही, हवं तर लिहून देतो. — नको, हातातून काढत नाही, हातातच बघा. लावा भिंग. तीनच्या आकड्यापासून मध्यापर्यंत गेलीय. केसाएवढी. माझ्या डोक्यावर जे दहा-बारा उरलेत, त्यातल्याच एखाद्याएवढी.

काच शाबूत आहे, तेच तर म्हणतो! वरची काच जशीच्या तशी आणि आतली तबकडी तडकली. कारण ही पत्र्याची नाही, सिरॅमिकची आहे. चिनी माती, भट्टीत भाजलेली. तुम्हाला ठाऊक असेल म्हणा, पण ऐका — पत्र्यावरचा रंग पिवळा पडतो, उन्हानं उडतो. माझं लग्नातलं घड्याळ आता चहा सांडल्यासारखं दिसतं. ही पांढरी ती पांढरीच राहणार, शंभर वर्षं. आणि पांढरी तरी कशी? चुन्यासारखी नाही, कागदासारखीही नाही. साय धरायच्या आधीच्या दुधासारखी. उजेड वरच्यावर परत जात नाही, जरा आत जाऊन येतो. दुपारी खिडकीशी हात धरून बसलं की अर्धा अर्धा तास — म्हणजे, बसलं तर. बसणाऱ्याला वेळ असेल तर. शिवाय ओरखडा उठत नाही. चाकूनं नाही, खिळ्यानं नाही.

मला कसं माहीत? करून बघितलंय. एक सुटी तबकडी होती, दाखवायला आणलेली. तिच्यावर मी स्वयंपाकघरातला चाकू चालवला, बनवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, सर्जेराव. खातरजमा केल्याशिवाय सही नाही. तो नुसता बघत होता. म्हणाला, ‘बाबा, चाकूची धार जाईल.’ — हो, बाबा म्हणाला. मुलगाच आहे माझा. आमोद. इंजिनिअर. चांगली नोकरी होती, एसीत बसायचं, बस न्यायला-आणायला. ती सोडली आणि वाघोलीला पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी घातली. कशाला? तर घड्याळाच्या तबकड्या भाजायला! पंचवीस भाजल्या तर चोवीस वाकतात, तडकतात, पंचविसावी घड्याळात बसते. मी म्हटलं, अरे, कपबश्या कर, निदान त्यातून चहा तरी पिता येतो.

तर माझ्या निवृत्तीला त्यानं हे घड्याळ दिलं. त्याची पहिली नीट उतरलेली तबकडी. आणि मी काय केलं — तुमच्याकडे पाणी आहे का? राहू द्या. मी खिशातलं लाल पेन काढलं आणि डब्याच्या झाकणावर शेरा लिहिला. सवय हो, हातालाच सवय. ‘वस्तू: चिनी मातीचा तुकडा. उपयोग: वेळ कळते, जी भिंतीवरही कळते. टिकाऊपणा: पडल्यावर कळवावे.’ खाली सही, तारीख. लोक हसले. कचेरीतले सगळे हसले, माझे शेरे प्रसिद्ध होते. त्यानंही वाचलं. हसला नाही. नमस्कार करून गेला, तो सहा वर्षं घरी आला नाही. आईला फोन करायचा, मी उचलला की म्हणायचा, ‘आई आहे का?’ बस्स. आणि आई घरी नसली की मी म्हणायचो, ‘नाही.’ तेवढंच. दोघेही काटकसरी.

पडली कशी, ते कशाला हवंय? — पडली. कडाप्प्यावर. — बरं, ऐका. मी हे घड्याळ कधी घातलं नाही, असं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे म्हणजे प्रेमला, माझी बायको. पण ती दुपारी शेजारी भजनाला गेली की मी कपाटातून काढायचो. घालायचो. ती यायच्या आत परत कपाटात. सहा वर्षं. पासष्टीला टेकलेला माणूस चोरून घड्याळ घालतो, दुसरं काही करायची हिंमत नाही म्हणून. परवा ती लवकर आली. लॅचची किल्ली फिरली आणि मी धडपडत पट्टा सोडवला, पाण्याला उठलोय असं दाखवत स्वयंपाकघरात गेलो — आणि ते हातातून निसटून ओट्याच्या कडेवर! आवाजसुद्धा कपबशीसारखाच झाला. ती दारात उभी. म्हणाली, ‘अहो, लपवता कशाला? रोज घालता, मी आमोदला सांगितलंसुद्धा.’

सांगितलं! तिला पहिल्यापासून माहीत होतं. आणि तो म्हणाला म्हणे, ‘मग रविवारी येतो. बाबांच्या हातात बघायचंय.’ उद्या. दहाला. आता तो माझ्या हाताकडे बघणार आणि त्याला काय दिसणार? चीर. त्याला काय वाटेल? म्हातारा विसरला नाही, पाडून बघितलीच शेवटी, अहवाल तयार ठेवलाय! मी लाख सांगेन, अरे, मी ती जपत होतो. कोण विश्वास ठेवेल? मीच ठेवला नसता, पुरावा मागितला असता. म्हणून कर्वेनगरहून इथं कात्रजला आलो, इथं मला कोणी ओळखत नाही. हे बघा, गोळ्याही आणल्यात. कवळी धुवायच्या. वाचलंय मी, यांच्या पाण्यात तबकडी भिजवली की चिरेतला मळ निघतो आणि चीर पुसट होते. तुम्ही फक्त उघडा. उद्यापुरती पुसट होऊ दे हो. पाया पडू का?

— काय करताय मोबाईलवर? विचारताय? कोणाला? — असलं काम पुण्यात एकच माणूस जाणतो, कळलं, पण कोणाला — वाघोलीला? अहो, फोटो कधी काढलात? भिंग लावलं होतंत तेव्हा? नुसत्या घड्याळाचा ना? — हातासकट. या हातासकट. या अंगठ्यावर शाईचा डाग आहे, आमोद लहानपणी विचारायचा, बाबा, हा जात का नाही —

काय लिहिलंय त्यानं? वाचून दाखवू नका. वाचा. — ‘त्यांना थांबवा. निघालोय.’

वाघोलीहून कात्रज. शनिवारची गर्दी. दीड तास तरी लागेल. उद्या दहाला येणार होता, मी तयारी केली असती, काय बोलायचं ते लिहून काढलं असतं — नाही, जात नाही. बसतो. त्या गोळ्या तेवढ्या खणात टाका. आणि सर्जेराव, आता माझ्याशी बोलू नका. कोणी विचारलं तर सांगा, हे आजोबा बोलत नाहीत.