पाठ

(पेणमधलं निलेशचं कॉम्प्युटरचं ऑफिस. दुपार. टेबलावर सात जुने फोन ओळीनं मांडलेले. उजमा टेबलापाशी. मागं दाराशी शांती उभी; निलेशचं तिच्याकडे लक्ष गेलेलं नाही.)

निलेश: हे काय मांडलंयस, उजमा? मोबाईल रिपेअरिंग सुरू केलंस की काय?

उजमा: नाय सर. धरमतरकडच्या लोकांचे हायेत. दोन दिवसांसाठी मागून आणलेत. सातही फोनवर आपलं खाडीच्या बांधाचं वेबपान उघडून ठेवलंय. एकदा बघा तरी.

निलेश: मी रोज बघतो, या सत्तावीस इंची मॉनिटरवर. वर खाडीचा फोटो, डावीकडे गावांची यादी, उजवीकडे हिरवं बटण. बांधाला घळ पडली की फोटो काढा, बटण दाबा, समितीची माणसं मातीच्या गोणी घेऊन हजर. उद्या रोह्याला समितीपुढं हेच दाखवायचंय. तिकडच्या बारा गावांचं काम मिळेल आपल्याला.

उजमा: आणि मागच्या उधाणाला जो बांध फुटला, त्याचं काय सांगणार?

निलेश: तक्रारच आली नाही, म्हणून फुटला. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय मी. राखणीला बाई नेमलेली होती, तिनं कळवलं नाही. त्याला आपलं पान काय करणार?

शांती: ती बाई मीच.

निलेश: अं... बसा ना काकी. उजमा, अगं, सांगायचं तरी.

शांती: बसते. गावात हल्ली कुणी बस म्हणत नाय मला. भातात खारं पाणी शिरलं, आता सगळे म्हणतात, शांती झोपा काढत होती. मी घळ बघितल्या बघितल्या धाडायला फोटो काढलेला. हा बघा. तारीख, टाइम, सगळं हाय.

निलेश: मग पाठवला का नाही?

शांती: कुठं दाबून पाठवू?

उजमा: सर, काकींचा फोन हातात घ्या. काय दिसतं?

निलेश: बटण आहे की. हे काय, उजव्या कडेला. 'पाठ'.

शांती: व्हय. पाठ. पाठ म्हंजे मागं. मला वाटलं, दाबलं तर मागं जाईल न काढलेला फोटो पण जाईल. म्हणून हातच लावला नाय त्याला. फोटो काढलाय तर आपसूक पोचंल, म्हणून बांधावर उभी राहून गोणीवाल्यांची वाट बघत बसले.

निलेश: अहो, 'पाठवा' आहे ते. 'वा' स्क्रीनच्या बाहेर गेलाय.

शांती: बाहेर काय गेलंय ते आत बघणाऱ्याला कसं कळावं?

निलेश: बोटानं जरा बाजूला सरकवलं असतं तर दिसलं असतं.

शांती: एका हातात छत्री, एका हातात फोन, गुडघ्यापर्यंत चिखलात. कुठलं बोट आणू?

उजमा: चूक माझी हाय, काकी. सर म्हणाले, मॉनिटरवर शोभलं पाहिजे, न मी त्याच मापानं रकाने पक्के बसवले. लहान फोनवर ते आकसत नायत, बटणाला बाहेर ढकलतात. त्यात बारीक दिसत नाय म्हणून तुम्ही फोनवर अक्षर मोठं केलेलं. आणि एकट्या तुमच्याच फोनवर नाय. हा कासू गावच्या पोपटकाकांचा. ह्याचा ब्राउझर इतका जुना, त्याला माझी मांडणीच कळत नाय, सगळं एकमेकांवर चढलंय. मस्कतला भावाला उघडायला लावलं, तर त्याच्या आयफोनवर बटण खाडीच्या फोटोमागं. ह्या सातांतल्या दोनांवर धड दिसतं, सर. दोनांवर.

निलेश: जुने फोन आहेत. लोकांना अपडेट करायला सांग.

शांती: उधाणाला पण सांगा ना. म्हणावं, जरा थांब, बाई फोन नवा घेतेय.

उजमा: मी दुसरी मांडणी केलीय. आधी सगळ्यात लहान फोन धरला. बटण वर, स्क्रीनभर रुंद. गावं त्याच्याखाली. जागा मिळाली तरच रकाने शेजारी जातात. सातही फोनवर चालतंय, मस्कतलाही चालतंय.

निलेश: प्रोजेक्टरवर भिकार दिसेल ते.

उजमा: प्रोजेक्टर घेऊन बांधावर कोण जातं?

निलेश: तुला कळतंय का? रिपोर्ट बदलायचा म्हणजे उद्या सगळ्यांसमोर सांगायचं, की आमच्या पानामुळे बांध गेला.

उजमा: तुम्ही नका सांगू. मी सांगते.

निलेश: मग परवापासून कामावर येऊ नकोस.

उजमा: नाय येणार. पण उद्या रोह्याला येणार, हे फोन घेऊन. समितीच्या एकेकाच्या हातात एकेक देणार न म्हणणार, बांध फुटतोय, कळवा बघू.

निलेश: काकी, तुम्ही तरी समजवा हिला.

शांती: मी कशाला समजवू? ती बरोबर बोलतेय. माझं एकच म्हणणं हाय. माझ्या नावापुढं 'कळवलं नाही' लिवलंय ना तुम्ही, ते खोडा. आत्ता. मी इथनं हलायच्या आधी.

निलेश: उद्या सकाळी बघू ना.

शांती: आत्ता.

निलेश: ...बरं. खोडलं. हे बघा. आता काय लिहू तिथं?

शांती: लिवा, बाईनं फोटो काढला. पान अर्धं दिसलं.

निलेश: 'पान अर्धं दिसलं.' झालं. उजमा, रोह्याचं काम गेलं असं समज.

उजमा: गेलं तर गेलं. परवा अमावास्या हाय, परत उधाण येणार. नवं पान आजच चढवते. सर, बटणावर 'पाठवा'च ठेवू?

शांती: नको गो बाय. त्या शब्दाचा मला राग आलाय. 'धाड' लिव. आमी धाडच म्हणतो.

निलेश: अहो काकी, समितीच्या पानावर 'धाड'? साहेब लोकांना वाटेल, धाड पडली.

शांती: पडू दे की.