छबुबाईंच्या दुखवट्याची भाकरी

२०२२ साली दिंद्रुडच्या बसथांब्यावर आमच्या गल्लीतल्या छबुबाई लेकीवर चिडल्या होत्या.

“तेजू, मी चहा पीत बसलेली, अन् लिंबागणेशच्या नणंदबाई रडत दारात. माझ्याच दुखवट्याची भाकरी घेऊन.”

“आई, फेसबुकवरचं जुनं लिखाण ब्लॉगवर आणलं, तर सगळ्यावर आणलं त्या दिवसाचीच तारीख पडली. आजी वारली तवाचं होतं ते, ‘घरातली माउली गेली’.”

“वाचून दाखवलं त्यांनी. लई गोड लिवलंस. मला वाटलं, माझंच हाय.”

“तू तर जिती हायेस.”

“मग मेल्यावर लिवशील? मी कवा वाचू?”

तेजश्रीने त्याच आठवड्यात आईवर लिहिलं. छबुबाईंनी ते अख्ख्या गल्लीला वाचायला लावलं. मागच्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा ब्लॉगवर नवं काही आलं नाही. नणंदबाई भाकरी घेऊन आल्या, पण आधी फोन करून.