रिकाम्या ओळीचं स्वागत

संस्थेचे अध्यक्ष सीदी तिजानी, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, मिरच्यांचा हरिसा कुटणाऱ्या, फुलांचा अर्क काढणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, आणि खुर्ची मिळाली म्हणून बसलेल्या सज्जनांनो,

गेल्या रमजानच्या तोंडावर आज जिला निरोप देताय त्या या अरीजला तुम्ही हाकलायला निघाला होतात, हे किती जणांना आठवतंय? बघा, सगळे छताकडे पाहताहेत! म्हणूनच मी, मन्नूबियानं, हे सांगून लिहून घेतलंय. मला अक्षर येत नाही; वाचतेय माझी सून. ती टोमणा गाळेल तिथं मी खोकेन.

तर आपलं दुकान संगणकावर मांडलं ते या पोरीनं. एके दिवशी दुकानाला विसराळूपणा जडला. गिऱ्हाईक नाव सांगून आत येई, टोपलीत हरिसा टाकी, पुढच्या पानावर गेलं की टोपली रिकामी, आणि दुकान विचारी, "आपण कोण?" सणाची मागणी खोळंबली. सीदी तिजानींनी हुकूम सोडला, "शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही, तर पोरीनं घरी बसावं."

शुक्रवारी सकाळी अरीजनं सर्व्हरच्या दडवलेल्या तक्रारी वर काढल्या.

"सीदी, हमामात अंघोळीला गेलं की दारावर बिल्ला मिळतो ना? सर्व्हरही गिऱ्हाइकाला आधी ओळखीचा बिल्ला देतो, मग पान दाखवतो. पानातला एक शब्द आधी निघाला, की बिल्ला द्यायची वेळ गेली. कुणीतरी फाइलच्या माथ्यावर, कोडच्याही वर, 'मरहबा, या, बसा' लिहिलंय."

हेडर, सेशन अशीही काही नावं तिनं घेतली. मला बिल्ला पुरला.

"कुणीतरी? मी लिहिलंय, तुझ्याकडूनच पासवर्ड घेऊन!" सीदी ताठ झाले. "पाहुण्याचं आधी स्वागत, मग बिल्ला! घरी शिकवलं नाही तुला?"

अखेर त्यांनी स्वहस्ते तो मजकूर पुसला. तरी टोपली रिकामीच!

"पाहिलंस? माझ्या स्वागताचा दोष नव्हता. उद्यापासून येऊ नकोस."

पोरीनं पिशवी उचलली. डोळे भरलेले. मग पडद्याकडे वाकून पाहिलं.

"सीदी, शब्द पुसलेत, पण ओळ तशीच ठेवलीत."

"रिकामी आहे ती! तिच्यात काहीच नाही."

"ते काहीच-नाहीसुद्धा पुढं जातं, बिल्ल्याच्या आधी."

"म्हणजे मी गप्प बसलो तरी बोललोच?"

"ते तुमच्या बायकोला विचारा," मी म्हटलं.

अरीजनं एक कळ दाबली. ओळ गेली, टोपलीत हरिसा टिकला.

"आणि तुमचं स्वागत बिल्ल्यानंतर लावलंय, सीदी. मोठ्या अक्षरांत."

सीदींनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "उद्या लवकर ये."

माणसानं माफी मागावी तर अशी, चष्म्याआडून!

आज अरीज तोजरला निघालीय, तिथल्या खजुराच्या बागायतदारांचं दुकान मांडायला. कुणी हाकललं म्हणून नव्हे, आपल्या मर्जीनं. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि न उठल्याबद्दल तुमचे आभार. काही अधिकउणं झालं असेल तर सुनेच्या वाचण्याचा दोष धरावा.

आणि अरीज, पोचलीस की खजूर पाठव. झुपक्यानं, देठासकट. सुटे पाठवलेस तर या व्यासपीठापर्यंतच पोचतील.