आसगावच्या तलावात शर्यतीची होडी

अरे, आमची होडी पहिल्यांदा पाण्यात उतरली ना, त्या दिवसाची गोष्ट ऐका! शहापूरला माझ्या मित्राचं, सुनीलचं, वेल्डिंगचं दुकान आहे. तिथंच आम्ही दोघांनी शर्यतीसाठी शिडाची होडी बनवली. जीपमागं ट्रॉलीवर नेता यावी म्हणून हलकी, डोलकाठीही काढता-घालता येणारी. रविवारी शर्यत होती आणि शुक्रवारी सकाळी आम्ही ती आसगावच्या तलावात उतरवली.

शिडात वारा भरला की होडी गर्रकन वाऱ्याकडे तोंड फिरवायची आणि थांबायची. चारदा तेच! सुनील रडकुंडीला आला. "डिझाइनच चुकलं बे!"

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कुंदाकाकू उभ्या होत्या. तलावाखालीच त्यांची धानाची शेती. म्हणाल्या, "कायले रडून राहिला? बैलबंडीत मांगं ओझं जास्त झालं का बंडी उलार होते, मांगं कलंडते. तुमचं कापड मांगं आहे. समोर घ्या ना!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लगेच जीपमधून बॅटरीचं ड्रिल काढलं, नवी भोकं पाडली आणि डोलकाठी वीतभर पुढं बसवली.

आणि काय सांगू! होडी सरळ सुटली, पाणी तोंडावर उडत होतं आणि मी नुसता ओरडत होतो. त्या आनंदात वेग कमी करायला शिडाचा दोर सोडायचं भानच राहिलं नाही. आम्ही थेट काकूंच्या पुढ्यात चिखलात घुसलो.

आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घातली. काकूंनी साडी वर खोचली.

"उतर रे एकजण. मले बसू दे!"