काकांची कडी आणि काकूचा कान

आमचे पडेगावचे काका लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. दुष्काळात लग्नं मोजकीच, त्यात लासूर स्टेशनची सुपारी मिळाली आणि नेमकी क्लॅरिनेटच्या तोंडावरची पत्ती आवळून धरणारी कडी तुटली. काकांनी टँकरवाल्याकडून पाइपाची क्लिप आणून बसवली. काकू म्हणाली, "तुमचा सूर बी टँकरवानी गळायलाय."

शेवटी मी गुलमंडीवरच्या वाद्यांच्या दुकानातून तीन नव्या कड्या आणल्या. काकूचा कान लई पक्का, म्हणून निवड तिच्याकडं. ती काकांकडं पाठ करून तांदूळ निवडत बसली. काका एकेक कडी लावून तीच धून वाजवायले.

पहिली वाजली. "नाकात बोलतंय."

दुसरी वाजली. "घसा बसलाय याचा."

तिसरी वाजली. "बरंय, पण जीव नाय."

काका चिडून आत गेले आणि येऊन पुन्हा वाजवलं. काकूचा हात तांदळातच थांबला. "हीच घ्या! कितीबी महाग असू द्या."

वळून बघते तर कडी नव्हतीच. काकांनी पत्तीवर दोरी गुंडाळली होती.

"अवो, हा तर माझ्या नव्या परकराचा नाडा!"

काका गपकन सोडायला लागले, तर तिनं हात धरला.

"राहू द्या. परकराला सुतळी चालंल, सुराला नाय चालायची."