वाचक शून्य

“हॅलो?… हॅलो! हाव, पंचशीलाच बोलून राहिले… कोण, सिंधु? अगं, जरा जोरात बोल!”

शिरूर अनंतपाळच्या पोस्टात काळा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून पंचशीला उभी होती. पोस्टमास्तर सिद्रामप्पांचा निरोप आला तशी ती पळतच आली होती. गावचं वाचनालय ती एकटी चालवायची. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि तिची कॉलेजातली मैत्रीण सिंधु तिथं एका सरकारी कचेरीत टायपिस्ट लागली. वाचनालयांचे कागद तिच्याच टेबलावरून जायचे. तिनं ट्रंककॉल लावला, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं.

“मान्यता रद्द?… आमची? तूच टाइप करून राहिलीस? थांब बाई, आधी मशीनवरून हात काढ… कारण काय? ‘वाचक शून्य’? शून्य म्हंजे?”

पलीकडून सिंधु बराच वेळ बोलत होती. पंचशीलाचा चेहरा लाल होत गेला.

“मंगळवारी तपासणीला आले होते? मला कळवलं का कुणी?… हाव, कुलूप होतं. होतंच! अगं ऐक ना… गावातल्या आडात टिपूस न्हाई. टँकर कधी येतो नेम न्हाई, म्हणून सकाळधरनं सारं गाव रांगेत. वाचनालयात कोण भुतं बसतील? मी पुस्तकं पोत्यात भरते न् रांगेतच नेते… रोज. चार महिने झाले. अनुदान न्हाई, शिपाई न्हाई, मग कोण नेणार?”

“…कळवलं होतं की! जुन्या जिल्ह्याला लिहिलं, ते म्हणाले तुम्ही आता नव्या जिल्ह्यात. नव्याला लिहिलं, तर तुम्ही म्हणालात फायल जुन्याकडून आली न्हाई… बरं बरं, तुझा दोष न्हाई. पण मान्यता गेली की पुस्तकं उचलून नेतील, सिंधु! साडेसहाशे पुस्तकं… साहेब हायत का? दे फोन. न्हाई गं भांडत. दे!”

तिनं पदर सावरला, आवाजही.

“नमस्कार साहेब… हो… हो साहेब… सह्या आहेत ना रजिस्टरवर. रोजच्या चाळीस… अंगठे आहेत त्यात, हो… मी वाचते, त्या ऐकतात… नाही, साहेब, ऐकणारा वाचक नाही असं कसं म्हणता? मग कोण आहे तो?… एकही वाचणारी नाही? असं कोण म्हणतं?”

पोस्टाच्या खिडकीखालूनच रांग गेली होती. पंचशीला बाहेर वाकून ओरडली, “चांगुणा! ये गं, साहेबांना दोन ओळी वाचून दाखव!”

चांगुणा सातवी शिकलेली. पण टँकरचा आवाज आला होता, ती घागर सोडायला तयार नव्हती. तिच्या मागच्या लक्ष्मीबाई मात्र रांग सोडून आत आल्या. साठीच्या बाई, रजिस्टरात रोज अंगठा त्यांचाच पहिला. काखेतली शेळीपालनाची पुस्तिका त्यांनी डोळ्यांपासून लांब धरली आणि रिसीव्हरात मोठ्यानं सुरू केलं.

“शे…ळीचं… पोट… फुग…लं… तर… तिला… बसू… दे…ऊ… नये.”

पंचशीलानं रिसीव्हरवर हात ठेवला.

“मावशी, कधी शिकलात?”

“रांगेत दुसरं काय काम हाय? चांगुणाच्या मागं लागले, तिनं अक्षरं दावली.”

पंचशीलानं घाईनं फोन घेतला.

“हॅलो?… आहात ना साहेब?… नाही, शाळेत कधीच नाही गेल्या… आदेश थांबवता? खरंच?… शुक्रवारी या. केव्हाही या, रांग असतेच… काय? ‘वाचनकक्षाचे ठिकाण’ या रकान्यात काय लिहू म्हणता?”

आता मात्र तिचा संयम सुटला.

“रस्ता लिवा, साहेब! रस्ता!… न्हाई, छत न्हाई… खुर्च्या? अहो, घागरी पालथ्या घालून बसतात बाया, खुर्च्या कुठल्या… हॅलो? हॅलो?”

लाइन तुटली होती. तिनं रिसीव्हर आपटला. टँकर खिडकीसमोर येऊन थांबला होता, तरी लक्ष्मीबाई हलल्या नव्हत्या. त्यांनी पुस्तिका तिच्या हातात ठेवली.

“हे झालं माझं वाचून. दुसरं दे.”