बाळाला कोण धरणार

लसीच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर बाळ होतं, दुसरी तिची मोठी नणंद.

“मला पटलेलं नाही, आधीच सांगते.”

“माहीत आहे, ताई.”

“मग घाल ना वाद! तुझा नवरा कसा लशीची माहिती दाखवायला मोबाइल नाचवत अंगावर आला माझ्या.”

“आणि तुम्ही महिनाभर घरी फिरकला नाहीत.”

“कशाला फिरकू? सख्ख्या भावाने अडाणी ठरवलं मला.”

“ताई, तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते?”

“आमची धाकटी लशीनंतर तापाने फणफणली होती. ह्यांची रात्रपाळी, घरात मी एकटी. हात नुसते थरथरत होते माझे.”

“उतरला ना ताप?”

“पहाटे उतरला. पण ती रात्र काही डोक्यातून जात नाही.”

“हे कधी बोलला नाहीत.”

“कुणी विचारलं?”

“आज ह्याला ताप आला तर मीही घाबरेन. राहाल आमच्याकडे?”

“म्हणजे लस देणारच तू.”

“देणार, ताई.”

“हट्टी आहेस.”

आतून नर्सने हाक मारली.

“दे इकडे बाळाला. मला अजून पटलेलं नाही हं. पण तुझे हात बघ कसे थरथरतायत.”